काटकसरीचा संगणक



संगणक हे श्रीमंताघरचे यंत्र आहे, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. त्याची किंमत मोठी, त्याची भाषा परकी, तो बिघडला म्हणजे म्हापशाची किंवा पणजीची वाट धरावी लागणार, आणि चार-पाच वर्षे लोटली की दुकानदार मान हलवून म्हणणार, "हा आता जुना झाला, नवा घ्या." आमच्या सत्तरीत, जिथे काजूच्या हंगामावर आणि कुळागराच्या उत्पन्नावर पुष्कळ घरांचा वर्षाचा मेळ बसतो, तिथे हा समज रुजावा यात नवल नाही. आज मला त्या समजाची इतिहासाच्या आधारे थोडी तपासणी करावयाची आहे. माझे म्हणणे असे की, सामान्य माणसाच्या घरात आणि खेड्यातल्या शाळेत संगणक आला तो श्रीमंतीच्या दाराने आलाच नाही. "एवढ्या थोडक्यात हे कसे भागवता येईल?" असा प्रश्न ज्या ज्या वेळी कोणी विचारला, त्या त्या वेळी तो एकेक पायरी उतरून आपल्याजवळ आला.

प्रारंभ मी संगणकापासून न करता छापखान्यापासून करतो. कारण हा प्रश्न आपल्या गोमंतकात संगणकाच्या कितीतरी आधी विचारला गेलेला आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. खरे पाहता तो निघाला होता अबिसिनियाला. पण इथे उतरला आणि इथेच राहिला. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात आले, साष्टीत राहिले, आपली भाषा शिकले, आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, याची आपल्याला आजही थोडी चुटपूट वाटते. परंतु ही फादर स्टीफन्स यांची आवड नव्हती. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून इथल्या लिपीचे टाईप करण्याची परवानगी मागितली होती. अडचण कोणती, हेही त्यांनी सांगितले होते. आपल्या लिपीत प्रत्येक जोडाक्षराचे रूप निराळे असल्यामुळे सुमारे सहाशे साचे लागतात. पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असा त्यांचा हिशेब होता.

सहाशेचे दोनशे! हा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. लिपीवर प्रेम असणे ही एक गोष्ट, आणि त्या प्रेमापायी साचे मोजायला बसणे ही दुसरी. त्यांच्या हयातीत ते टाईप झाले नाहीत. देवनागरी टाईप वापरलेले विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे निघाले, आणि मुंबईत जावजी दादाजींचे निर्णयसागर १८६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा कुठे मराठी अक्षराला देखणे रूप आले. फादर स्टीफन्स यांचा प्रश्न मात्र तसाच उभा होता. तो सुटला कसा, ते पुढे सांगतो.

आता संगणकाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात आपल्याच शास्त्रज्ञांनी एक संगणक बांधावयास घेतला. १९५६ साली त्याचा लहान नमुना चालू झाला, १९६० मध्ये पूर्ण यंत्र उभे राहिले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. अख्खे दालन व्यापणारे ते यंत्र देशाच्या अभिमानाचे होते, पण ते शास्त्रज्ञांचे होते. त्यानंतरच्या काळात मोठ्या कचेऱ्यांनी आणि गिरण्यांनी परदेशी यंत्रे भाड्याने घेतली. १९७८ साली आयबीएम कंपनी देश सोडून गेली आणि देशी कंपन्यांना वाव मिळाला. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने आयात सुलभ करणारे संगणक धोरण जाहीर केले. हा सारा इतिहास सरकारचा आणि कंपन्यांचा आहे. घरातल्या मुलाच्या हाताला त्याचा स्पर्श अजून झालेला नव्हता.

तो स्पर्श घडवला एका चिक्कू म्हणावे अशा माणसाने. इंग्लंडमधील क्लाइव्ह सिंक्लेअर यांना यंत्रातला प्रत्येक भाग काढून टाकण्याजोगा वाटे. १९८० साली त्यांनी 'झेडएक्स ८०' हा संगणक शंभर पौंडांच्या आत विकून दाखवला. सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडले तर तो आणखी वीस पौंडांनी स्वस्त. त्यात एकवीस चिपा होत्या. पुढच्याच वर्षीच्या 'झेडएक्स ८१' मध्ये त्या चारवर आल्या आणि किंमत सत्तर पौंडांवर. या यंत्राची स्मृती होती एक किलोबाइट. तिचा अर्थ समजण्यासाठी एवढेच ध्यानात घ्यावे की, आजच्या रीतीने साठवलेले मराठी मजकुराचे पाच-सहा ओळींचे टिपणदेखील तेवढ्या जागेत मावणार नाही. १९८२ च्या एप्रिलात 'स्पेक्ट्रम' आला. अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृतीचा हा संगणक १७५ पौंडांना मिळे. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या शाळांत मानमरातब मिळवणारा 'बीबीसी मायक्रो' ३९९ पौंडांना होता.

सिंक्लेअर यांची खरी काटकसर मात्र चिपा कमी करण्यात नव्हती. संगणकाला पडदा हवा, पण तो विकत कशाला घ्यावा? घरात दूरचित्रवाणी संच आहेच. माहिती साठवायला चकती हवी, पण चकतीचे यंत्र महाग. घरात गाण्यांचा टेपरेकॉर्डर आहे ना? मग आज्ञावली आवाजाच्या रूपाने साध्या कॅसेटवर साठवायची आणि तशीच पुन्हा वाजवून संगणकात भरायची. अठ्ठेचाळीस किलोबाइट भरायला पाच-एक मिनिटे लागत. त्या मिनिटांत खोलीत किंचाळल्यासारखा एक सूर घुमे. मध्येच खरखर झाली की सगळे पहिल्यापासून. मग टेपचे डोके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावे, त्याच्या बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहावा, आणि पुन्हा कळ दाबावी. आपल्या गोव्यात आखातातून आलेले जपानी टेपरेकॉर्डर त्या काळी गावोगाव होते. म्हणजे संगणकाचा अर्धा संसार आपल्या घरांत आधीच येऊन बसलेला होता, फक्त त्याला त्या नावाने कोणी ओळखत नव्हते!

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने हे यंत्र बाजारात आणले आणि काही हजार घरांत ते गेले. सरकारने शाळांसाठी दुसरा मार्ग धरला होता. १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाचा प्रायोगिक उपक्रम अडीचशे शाळांत सुरू झाला. त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला गेला. यंत्र उत्तम होते, यात शंका नाही. तथापि एवढ्या मोठ्या देशात अडीचशे शाळा म्हणजे समुद्रात टाकलेला मिठाचा खडा. महाग यंत्र थोड्यांना द्यावे, की साधे यंत्र पुष्कळांना द्यावे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझे मत विचाराल तर मी दुसऱ्या पक्षाचा आहे. पण शिक्षक शिकलेला असेल तरच. शिक्षकाला शिकवल्याशिवाय दिलेले यंत्र, मग ते महाग असो वा स्वस्त, कपाटात कुलूपबंद होते आणि वार्षिक तपासणीच्या दिवशी बाहेर निघते.

आता फादर स्टीफन्स यांच्या साच्यांकडे येतो. संगणकावर मराठी लिहावयाचे तर अडचण तीच: कळफलकावर कळा थोड्या आणि आपली जोडाक्षरे शेकड्यांनी. टंकलेखन यंत्राने ही अडचण अक्षरांची मोडतोड करून निभावून नेली होती. कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत या प्रश्नाचा नव्याने विचार झाला. त्यांनी अक्षराचे रूप बाजूला ठेवून उच्चार पाहिला. 'क्ष' हे रूप मोजायचेच नाही; 'क', मग हलन्त, मग 'ष', असे तीन संकेत साठवायचे आणि पडद्यावर रूप जुळवण्याचे काम यंत्रावर सोडायचे. रूपे यंत्राच्या पोटात असतातच. पण लिहिणाऱ्याने आणि साठवणाऱ्याने ती मोजायची नाहीत. या तत्त्वावर 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. साध्या संगणकात ते बसवले की इंग्रजीसाठी केलेल्या आज्ञावलीतही देवनागरी उमटू लागे. नवा संगणक घ्यायला नको, नवी आज्ञावली घ्यायला नको.

या संकेतांना १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक मिळाले. त्यात एकूण २५६ जागा. पैकी निम्म्या इंग्रजीच्या आणि उरलेल्या १२८ जागांत आपली लिपी. तीही एकट्या देवनागरीची नव्हे. गुजराती, कन्नड, बंगाली यांनाही तीच संकेतव्यवस्था आणि तोच कळफलक, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. जगभर चालणाऱ्या 'युनिकोड'ने देवनागरीची मांडणी करताना याच भारतीय कामाचा आधार घेतला. १६०८ साली सहाशेचे दोनशे करू पाहणाऱ्या त्या धर्मगुरूंना हे पाहावयास मिळते तर त्यांनी काय केले असते, असा विचार माझ्या मनात येतो. बहुधा त्यांनी लगेच 'क्रिस्तपुराणा'ची नवी प्रत करायला घेतली असती.

दुर्दैवाने मधली काही वर्षे आपण हा मार्ग सोडून भलतीकडे गेलो. प्रत्येक कंपनीने आपापला मराठी फाँट काढला आणि त्याचे संकेत आपल्या मनाप्रमाणे ठेवले. एका फाँटात लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. त्यावर कडी म्हणजे काही सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या मागे लावायचे एक कुलूप येई. ते हरवले की विकत घेतलेली मराठी बंद! आज युनिकोडमुळे ही पीडा बरीच टळली आहे. मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींचा 'मुक्त' यासारखे देखणे फाँट विनामूल्य मिळतात. तरीही कुलपाचा फाँट वापरणारी कार्यालये अजून आढळतात, आणि त्यांची जुनी कागदपत्रे त्या कुलपाबरोबरच अडकून पडणार, अशी मला भीती आहे.

पुढची पायरी आपल्या गोव्याची आहे, आणि ती आपल्यालाच नीट ठाऊक नाही. चालू शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्ट' या नावाने एक प्रयत्न झाला. परदेशस्थ गोमंतकीय आणि इथले काही उत्साही लोक यांनी एकत्र येऊन, अमेरिकेतील कचेऱ्यांनी टाकून दिलेले पण चालू स्थितीतील संगणक 'वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज' या संस्थेच्या साहाय्याने जहाजाने गोव्यात आणले आणि शाळांना दिले. यंत्रे जवळजवळ फुकट मिळाली. पण त्यांवर चालणाऱ्या विंडोजचा परवाना प्रत्येक यंत्रासाठी विकत घेऊ म्हटले तर घोड्यापेक्षा खोगीर महाग. म्हणून या मंडळींनी 'लिनक्स' निवडली.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली एका कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. त्याच्या आधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ चालवलेली होती. दोन्हींच्या मिलाफातून जी प्रणाली उभी राहिली ती कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. तिच्या परवान्याला पैसा पडत नाही. जुन्या यंत्रांच्या दृष्टीने एक विशेष सोय १९९९ मध्ये निघाली. वर्गात एकच बऱ्यापैकी संगणक ठेवावयाचा आणि बाकीचे दुबळे, चकती नसलेलेसुद्धा, तारेने त्याला जोडावयाचे. सारे काम त्या एकात होते. इतर यंत्रे केवळ पडदा आणि कळफलक म्हणून चालतात. एका समर्थ गड्याच्या जोरावर दहा म्हातारे बैल नांगराला लावण्यासारखाच हा प्रकार.

त्या काळात मी नुकताच अध्यापनाला लागलो होतो. अशी जुनी यंत्रे एका शाळेत उतरताना मी पाहिली आहेत. काही छान चालत, काहींचे माऊसचे गोळे अडकलेले, एखादे मुळीच न उठणारे. न उठणाऱ्यांचा उपयोग सर्वांत अधिक झाला, असे मी म्हटले तर आपण हसाल. ती उघडून मुलांना आतले भाग दाखवता आले. चालू यंत्र उघडायला कोणते मुख्याध्यापक परवानगी देतील? केरळ राज्याने पुढे सरकारी शाळांतून मुक्त आज्ञावलीचाच पुरस्कार केला आणि तो टिकवला. आपल्याकडे मनोहर पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री असताना, म्हणजे २००० ते २००५ या काळात, 'सायबरएज' योजनेखाली विद्यार्थ्यांच्या घरी नवे संगणक पोहोचू लागले. ती योजना चांगलीच होती. पण नव्याची लाट आली, तशी जुने दुरुस्त करून वापरण्याची विद्या मागे पडली, हेही खरे.

परदेशातून येणाऱ्या जुन्या यंत्रांना एक काळी बाजूही आहे. दानाच्या नावाखाली कचरा ढकलण्याचे प्रकार जगात पुष्कळ झाले आणि आपल्या देशात २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम लागू झाले ते योग्यच झाले. म्हणून आता परदेशाकडे पाहण्यापेक्षा आपल्याच घरांतील आणि कचेऱ्यांतील जुन्या यंत्रांकडे पाहणे बरे. आणि हा प्रश्न आजच निकडीचा झाला आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिची जागा घेणारी विंडोज ११ ही साधारणपणे २०१७ पूर्वीच्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. यंत्रात बिघाड नाही, पडदा उजळतो, कळा चालतात, आणि तरी ते बाद! आमच्या भागातील एक पालक मला विचारीत होते, "सर, दुकानात सांगतात नवा घ्या. हा भंगारात घालू काय?" धाकटी मुलगी दहावीला, थोरला कॉलेजात, नव्या यंत्राचा खर्च म्हणजे त्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या मिळकतीवर पाणी. असे प्रश्न आता घरोघरी येणार आहेत.

त्यांना मी जे सांगितले ते इथे सांगतो. यंत्र ६४ बिटांचे असेल आणि स्मृती निदान चार जीबी असेल तर त्याला अजून काही वर्षांचे आयुष्य आहे. 'लिनक्स मिंट'सारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घ्यावी आणि यंत्रातले काहीही न पुसता तिथूनच चालवून पाहावी. वायफाय, आवाज, छपाईयंत्र चालते की नाही याची खात्री करावी. मगच ती कायमची बसवावी, तीही आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवल्यावर. मराठी लेखन, लिब्रेऑफिसमधील तक्ते, इंटरनेट, चित्रफिती हे सारे तिच्यात होते. हिशेबाचे एखादे ठराविक सॉफ्टवेअर विंडोजवाचून चालत नाही, हे दुकानदार पालकांनी आधी ध्यानात घ्यावे. लिनक्सवाले उत्साहाच्या भरात हे सांगावयाचे विसरतात. पैसे खर्च करायचेच असतील तर प्रथम फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राला वेग देणारा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

आमच्या वाळपईत पावसाळा कसा असतो ते गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. पावसाच्या आकड्यांत आमचे नाव बहुधा वरच्या ओळीत असते. या ओलीत यंत्र महिनोन्महिने बंद ठेवणे हाच त्याचा मृत्यू. आठवड्यातून दोन-तीनदा ते तासभर चालवावे, म्हणजे स्वतःच्याच उष्णतेने कोरडे राहते. विजा चमकू लागल्या की केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची तार दोन्ही काढावीत. यंत्र उठत नसेल तर वीज तोडून स्मृतीची पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसून ती परत बसवावी. उन्हाळ्यात पंख्यावर साचलेली लाल धूळ दाढीच्या कोरड्या ब्रशाने काढावी. आणि संगणकाचे घड्याळ प्रत्येक वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षात जात असेल, इंटरनेट उघडत नसेल, तर घाबरू नये. आतल्या मुख्य पाटीवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपलेला असतो. घड्याळवाल्याकडेही तो मिळतो. या एका सेलापायी "मदरबोर्ड गेला" असे ऐकून घरी परतलेले लोक मला माहीत आहेत.

इतके करूनही यंत्र उठत नसेल तर मात्र ते अंगणाच्या कोपऱ्यात किंवा परसात टाकू नये. आतील चकती काढून ठेवावी, कारण तिच्यात आपली सारी कागदपत्रे असतात. चालू असलेली स्मृतीची पट्टी, तारा, पंखा शेजाऱ्याच्या यंत्रासाठी जपून ठेवावा. आणि उरलेला सांगाडा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या मान्यताप्राप्त केंद्राकडे द्यावा. शाळेत कोणी शिक्षक होकार देत असतील तर तोच सांगाडा, वीज पूर्णपणे तोडून, पुढच्या वर्षीच्या आठवीच्या वर्गाला उघडून पाहण्यासाठी नेऊन दिला तरी चालेल.